शाळेत एकट्याने अभ्यास करायला कधी शिकवणार?

संपादक महोदय,

हुशार मुलंही कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरला गडबडतात, कारण शाळेत नोट्स डिक्टेट होतात, काय वाचायचं, कधी वाचायचं सगळं ठरवून मिळतं आणि कॉलेजात एकदम कोणी विचारतच नाही. लेक्चर ऐकता ऐकता स्वतःच्या शब्दांत नोट्स काढणं, एखादा चॅप्टर कोणी न शिकवता वाचणं, हे शाळेतच करून घ्या ना! एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं भराभर विसरतं, थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं, तरी आपली मुलं आदल्या रात्री घोकत बसतात. आणि शंका विचारायची भीती, ती तर आपण मोठ्यांनीच घातलीये. आठवड्यातला एक तास तरी मुलांनी स्वतः आखलेल्या अभ्यासाला द्या.

एक पालक