आधी लांबून बघू द्या ना मुलांना

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबेल, पण शक्य असेल तर छापा, कारण आता सुट्ट्या लागतील आणि घराघरांतून लहान मुलांना घेऊन लोक मेळ्यांत, मॉलमध्ये, थीम पार्कमध्ये जायला निघतील, त्याआधी हे वाचलं गेलं तर बरं.

गेल्या रविवारी शेजारणीबरोबर इथे बडोद्यातल्याच एका आनंदमेळ्यात गेले होते. तिथे एक माणूस अस्वलाचा मोठा ड्रेस घालून मुलांशी शेकहँड करत फिरत होता. एक बाप आपल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला उचलून त्याच्याकडे देत होता, मूल पाठीमागे कमान करून किंचाळत होतं, पाय झाडत होतं, आणि बाप हसत हसत म्हणत होता, "अरे बेटा, कशुं नथी करतो!" (काही करत नाही तो) आजूबाजूला सात-आठ मोबाईल वर, सगळे शूटिंग करतायत, मुलाची आईसुद्धा. त्या पोराचा एक बूट खाली पडला तो उचलायचंही कुणाला सुचलं नाही. मी पुढे होऊन बोलले, तर म्हणाले काकी, डर निकालना पडता है. घरी आले पण रात्री झोप लागेना, कारण गेल्या वर्षी मी स्वतः माझ्या नातीशी हेच केलंय.

मुलगा-सून लॉस एंजेलिसजवळ राहतात. मागच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा नात अडीच वर्षांची होती. मुलगा म्हणाला, आई, तीन वर्षांच्या आत डिस्नेलँडला मुलांचं तिकीट लागत नाही, तू पण आहेस, आत्ताच जाऊन येऊ. अ‍ॅनाहाइमचं ते पार्क १९५५ सालचं, म्हणजे माझ्यापेक्षाही जुनं, आणि आमच्या लहानपणापासून ऐकलेलं नाव, त्यामुळे मलाच जास्त हौस होती. सून मात्र आदल्या रात्री दोनदा म्हणाली, आई, ही बुजरी आहे हो, तिला जमेल का बघा. मी म्हटलं अगं मुलं अशीच असतात, तिथे गेली की खुलेल.

आमची चिमणी खरंच बुजरी आहे. घरी बडबड बडबड, पण दारात कुणी आलं की माझ्या ओढणीत तोंड. वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवायला लागले की ही रडणार. सून सांगते की हार्वर्डचे एक मानसशास्त्रज्ञ होते, जेरोम केगन, त्यांनी वर्षानुवर्षं लहान बाळांना बघून दाखवलं की साधारण शंभरातली पंधरा-वीस मुलं जन्मतःच अशी असतात, नवीन माणूस, नवीन आवाज आला की त्यांचं अंग आधी आखडतं. ते लाडाने बिघडणं नाही आणि आईने घरकोंबडी केलं असंही नाही. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर माझ्या स्वतःच्या मुलालाही मी नवरात्रात गरब्याच्या गर्दीत ओढत नेलं नसतं.

तर सकाळी गेट उघडायच्या आधीच पोचलो. आत शिरल्या शिरल्या बँडचं संगीत, फुगे, घोडागाडी, आणि माणसंच माणसं. चिमणी स्ट्रोलरमध्ये एकदम गप्प, दोन्ही मुठींत माझ्या ओढणीचं टोक. मग मिकी माऊसची लाईन दिसली आणि मी म्हटलं चला, फोटो तर हवाच, बडोद्याला सगळ्यांना दाखवायचाय. चाळीस एक मिनिटं उभे राहिलो. नंबर आला तशी ती कडेवर इतकी घट्ट बसली की तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मी काय केलं, तिला खाली उतरवलं आणि पाठीला हात लावून पुढे ढकललं. जा ना, घाबरतेस काय, मिकी आहे तो! तिने श्वासच रोखून धरला, ओठ निळसर, आणि मग असं भोकाड पसरलं की लाईनीतल्या शेवटच्या माणसानेही मान वर केली.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. तो मिकी पुढे आला नाही. उलट दोन पावलं मागे सरकला आणि गुडघ्यावर बसला, म्हणजे त्याचं ते मोठं डोकं तिच्या उंचीला आलं. मग पांढऱ्या हातमोज्यांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. तोंडातून शब्द नाही, ते तसेही बोलत नाहीत. चार बोटांचे ते हातमोजे, एका अंगठ्यावर कुणा मुलाच्या चॉकलेटचा डाग होता. चिमणी माझ्या मागे लपून एका डोळ्याने बघत राहिली, रडणं थांबलं होतं, फक्त हुंदके. मिनिटभराने त्याने बोटं जरा फाकवून बघितलं, तिने परत तोंड लपवलं, त्याने परत डोळे झाकले. फोटो झाला नाही. आम्ही निघालो तेव्हा त्याने लांबूनच हात हलवला आणि पार कोपऱ्यावर गेल्यावर हिने स्ट्रोलरमधून, कुणाला दिसणार नाही असा, हात हलवला.

एका अनोळखी माणसाला जे समजलं ते सख्ख्या आजीला समजलं नाही, हे मला फार लागलं.

मग सुनेने सूत्रं हातात घेतली. पार्कच्या मुख्य रस्त्याच्या, मेन स्ट्रीटच्या, टोकाला लहान बाळांसाठी एक सेंटर आहे, तिथे गेलो. आत शांतता, बाळांना भरवायला उंच खुर्च्या, कपडे बदलायला टेबलं, दूध पाजायला वेगळी खोली, शू-शी साठी अगदी चिमुकले कमोड. बाहेरचं खाणं आत न्यायला तिथे हरकत नसते, सुनेने डब्यात राजगिऱ्याचा लाडू आणि खाकरा नेला होता, तो चिमणीने निवांत खाल्ला आणि स्ट्रोलरमध्ये तासभर झोपली. दुपारी लोक राईडमागून राईड करत पळत होते आणि आम्ही बसून होतो, मुलाला आधी वाटलं एवढ्या महागड्या तिकिटांचे पैसे पाण्यात गेले. पण तिथे एक फार चांगली सोय आहे, मूल लहान असेल तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राईड करून येतो आणि मग पहिल्याला परत पूर्ण लाईन न लावता सोडतात. रायडर स्विच म्हणतात. तसं करून मुलगा आणि सून पाळीपाळीने मॅटरहॉर्न नावाच्या रोलर कोस्टरवर जाऊन आले, तिथे बेचाळीस इंचांहून कमी उंचीच्या मुलांना तसंही सोडत नाहीत. मग मुलाची कुरकुर थांबली.

झोपून उठल्यावर तिला मेरी-गो-राउंडपाशी नेलं. बसायचं का असं कुणी विचारलंच नाही, सुनेने सक्त बजावलं होतं. नुसतं रेलिंगपाशी उभं केलं. तिने रेलिंगवर हनुवटी टेकली आणि बघत राहिली. तिथले सगळे घोडे पांढरे आहेत, सगळे उड्या मारतायत असे, फक्त खोगिरं वेगवेगळ्या रंगांची. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. मला पाय दुखायला लागले, पण मी हूं का चूं केलं नाही. मग ती एकदम म्हणाली, "आजी, लाल परत आला." लाल खोगीर असलेला घोडा. दर फेरीला तो आला की सांगायची, लाल आला, लाल गेला, लाल आला. त्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य होतं ते. अर्ध्या तासाने तिने माझं बोट धरून गेटकडे ओढलं. घोड्यावर नाही बसली, ज्यांना घोड्यावर चढायचं नाही त्यांच्यासाठी बसायची जागा आहे तिथे माझ्या मांडीवर बसली, दोन फेऱ्या. त्यानंतर पार्कभोवती फिरणाऱ्या आगगाडीत बसलो, आणि शेवटी बोटीतून बाहुल्या बघत जायचं ते इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जे आधी १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी बनवलं आणि मग इथे आणलं. तिथे पाणी संथ, बोट हळू, बाहुल्या जागच्या जागी डोलतात, कुणी अंगावर येत नाही. त्यात ती दोनदा बसली. आतषबाजी सुरू व्हायच्या आधी आम्ही बाहेर पडलो. दिवसभरात मोजून तीन गोष्टी झाल्या.

या फेब्रुवारीत ते सगळे बडोद्याला आले होते. मी तिला कमाटीबागेत नेलं, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये लोकांसाठी केलेली ही बाग, आमच्या तीन पिढ्या तिथे फिरल्या. पहिल्या दिवशी नुसतं फुलांच्या घड्याळाशी बसलो आणि परत. दुसऱ्या दिवशी बागेतल्याच म्युझियममध्ये. १८९४ सालची ती जुनी इमारत, आतून काळोखी, आणि तिथे निळ्या देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे, सत्तर फुटांच्या आसपास लांब. मला वाटलं आता ही रडते. मी काही न बोलता दारातच थांबले. ती माझं बोट धरून बघत राहिली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि हळूच विचारलं, "आजी, झोपलाय का तो?" मी म्हटलं हो. मग स्वतःच चार पावलं पुढे गेली.

तेव्हा मला कळलं की ती मोठ्याला घाबरत नाही, जे तिच्या अंगावर येतं त्याला घाबरते. देवमासा जागचा हलला नाही म्हणून ती त्याच्याकडे जाऊ शकली. कापडी मुखवट्याचं काय होतं, त्याचं हसू कधी बदलत नाही, डोळ्यांची पापणी लवत नाही, डोकं आपल्या बाबांच्या डोक्याच्या तिप्पट, आणि ते चालत जवळ येतं. अडीच वर्षांच्या जिवाने काय समजायचं हो त्यात?

म्हणून आपल्या पेपरातून विनंती करते. पार्क, मॉल आणि मेळे चालवणाऱ्यांनी असे अस्वल-मिकीचे ड्रेस घालणाऱ्या माणसांना एवढंच शिकवा की लहान मूल मागे सरकलं तर तुम्हीही मागे सरका आणि खाली बसा, याला एक पैसा खर्च नाही. अंधारातल्या राईडच्या बाहेर आत आवाज किती, अंधार किती, कुणी अंगावर येणार का, हे मराठी-गुजरातीत पाटीवर लिहा. पंखा असलेली एक शांत खोली ठेवा जिथे आईला बाळाला पाजता येईल, आपल्याकडे बायका बिचाऱ्या पार्किंगमधल्या गाडीत बसून पाजतात. आई-बापांना पाळीपाळीने राईड करू द्या. आणि स्पीकर, निदान सकाळचा पहिला तासभर तरी, हळू ठेवा.

आणि आजी-आजोबांना, काका-मामांना माझं हात जोडून सांगणं आहे, मूल रडत असताना मोबाईल खिशात ठेवा. "एवढं काय घाबरायचं", "बघ तो दादा कसा बसला", "मुलगा असून रडतोस" हे चारचौघांत बोलू नका. त्याला कडेवर घेऊन लांब उभे राहा, ते बघत असेल तर बघू द्या, कितीही वेळ लागला तरी. फोटो नाही आला तर नाही आला.

आता दिवाळीत ते परत येतील. परवा व्हिडिओ कॉलवर चिमणीने पहिलं हेच विचारलं, आजी, मासा उठला का? मी म्हटलं नाही गं, तू येईपर्यंत झोपणार आहे तो.

आपली,
एक आजी
दांडिया बाजार, बडोदा