शिल्प काढू नका, पाटी लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवाच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं, की पुण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातलं लोखंडी शिल्प कुणाला कळतच नाही तर ते काढून टाका आणि तिथे एखाद्या थोर माणसाचा पुतळा बसवा. पुतळ्यांना माझा अजिबात विरोध नाही, पण पटकन कळत नाही म्हणून काढून टाका हे मला मुळीच पटलं नाही.

शिकागो युनिव्हर्सिटीत ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं 'न्यूक्लिअर एनर्जी' नावाचं ब्राँझचं शिल्प आहे, साधारण 12 फूट उंच. माझा भाचा तिथे शिकतो, त्याने व्हिडिओ कॉलवर मला त्याच्या भोवती पूर्ण चक्कर मारून दाखवली. वरचा गुळगुळीत गोल आधी कवटी वाटला, मग भाचा थोडा मागे गेला तर अणुस्फोटाचा ढगच दिसायला लागला, आणि खाली कॅमेरा नेला तर आत खांब आणि कमानी, एखाद्या मोठ्या चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं! मूरच्या मनात हे सगळंच होतं, भीती पण आणि आसरा पण. आणि जागा कुठली तर जिथे 2 डिसेंबर 1942 ला शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्याच्या टीमने स्टेडियमच्या स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात ग्रॅफाइट आणि युरेनियम रचून अणू एकामागोमाग एक फुटत जाण्याची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली, नेमकी तीच. बरोबर 25 वर्षांनी, 1967 मध्ये त्याच तारखेला शिल्पाचं अनावरण झालं. याच शोधाच्या वाटेने पुढे अणुबॉम्ब आला, आणि याच शिल्पाची छोटी आवृत्ती हिरोशिमाच्या म्युझियममध्ये आहे, हे कळल्यावर तर मला बराच वेळ दुसरं काही सुचेना. आता सांगा, तिथे फर्मीचा सूट घातलेला पुतळा उभा केला असता तर शोधाचा मान राखला गेला असता, पण हिरोशिमाचं काय?

लांब कशाला, आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मधलं कुंड असं केलंय की दगड मधून बाहेर फेकले गेल्यासारखे वाटतात, प्रसरण पावणारं विश्व. तिथे आर्यभट, न्यूटन वगैरेंचे पुतळे पण आहेत, दोन्ही शेजारी शेजारी छान नांदतात. विज्ञान दिनाला कुणीतरी समजावून सांगतं आणि लहान मुलं सुद्धा मन लावून ऐकतात.

म्हणजे अडचण शिल्पात नाहीये, आपण त्याबद्दल काही सांगतच नाही यात आहे. त्या कॉलेजच्या शिल्पाजवळ ना कलाकाराचं नाव, ना साल, चौथऱ्याला टेकून टू-व्हीलर लावलेल्या, मागच्या बाजूला फेस्टचे जुने पोस्टर चिकटवलेले आणि सांध्यांना गंज चढलाय. माझी कॉलेजला कळकळीची विनंती आहे की मराठीत एक साधी पाटी लावा, कुणी केलं, कधी केलं, कशावरून सुचलं एवढंच, अर्थ मुलांचा मुलांना लावू दे. आणि त्या गाड्या तेवढ्या पार्किंगमध्ये लावायला सांगा, म्हणजे निदान चहूबाजूंनी फिरून बघता तरी येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे