कोकणातली सॅक वाळवंटात नेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीसाठी सॅक पाठीवर टाकून गुजरात-राजस्थान फिरण्याचा आठ दिवसांचा आराखडा आला होता. अहमदाबाद, लोथल, भुज, धोलावीरा, जैसलमेर, बिकानेर, जयपूर. ठिकाणं उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण रत्नागिरी-राजापूरकडच्या वाचकाने ते कात्रण खिशात घालून गाडी पकडली, तर त्याचं काय होईल याचा विचार लेखात कुठेच दिसला नाही. आपली हवा दमट आणि खारी, तिकडची कोरडी. घोटाळे होतात ते या फरकामुळे, आणि ते घरातूनच सुरू होतात.

आधी आराखड्याबद्दल. भुज आणि जैसलमेर नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये कच्छचं रण आणि सरहद्द. रस्ता राधनपूर-बाडमेरकडून वळसा घेऊन जातो आणि अंतर पाचशे किलोमीटरच्या वर भरतं. म्हणजे एक अख्खा दिवस किंवा एक रात्र बसमध्ये, आणि पुढचा दिवस आंबलेल्या अंगाने. आठ दिवस असतील तर निम्मं सोडा. एकतर अहमदाबाद-लोथल-भुज-धोलावीरा करा, नाहीतर जोधपूर-जैसलमेर-बिकानेर-जयपूर. दोन्ही बसवायचं तर पंधरा दिवस हवेत.

गाड्यांची बाजू आपल्याला चांगली आहे आणि नेमकी तीच लेखात नव्हती. दक्षिणेतून सुटून कोकण रेल्वेने थेट तिकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. जोधपूर-बिकानेरवरून श्रीगंगानगरला जाणारी, कोटा-जयपूरवरून अजमेरला जाणारी मरुसागर, आणि कच्छसाठी नागरकोईल-गांधीधाम. गांधीधामहून भुज साठेक किलोमीटर. मात्र या तिन्ही साप्ताहिक. परतीची चुकली की पुढची सात दिवसांनी, म्हणून परतीचं तिकीट मुंबईवरून काढा. अहमदाबाद किंवा जयपूरहून मुंबईला रोज गाड्या आहेत, आणि पुढे कोकणात उतरायला मांडवी, कोकणकन्या आहेतच. दुसरं म्हणजे, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात बदलतं. सप्टेंबरात लिहून ठेवलेली वेळ दिवाळीत चालत नाही.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. या गाड्या दूर दक्षिणेत सुटत असल्याने मधल्या स्थानकांच्या वाट्याला कोटा थोडा. तिकिटावर 'आरएलडब्ल्यूएल' किंवा 'पीक्यूडब्ल्यूएल' अशी मधल्या स्थानकांच्या कोट्याची प्रतीक्षायादी आली तर वीसच्या पुढचा आकडा सुटेल या आशेवर राहू नका. त्याऐवजी आधीच्या एखाद्या स्थानकापासूनचं तिकीट मिळतंय का ते पाहा आणि चढण्याचं ठिकाण म्हणून आपलं स्थानक नोंदवा. भाडं थोडं जास्त पडतं. आणि ती नोंद न करता सरळ रत्नागिरीला जाऊन उभे राहिलात, तर तुमचा बर्थ तपासनीस आधीच दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो.

आता सॅक. आपल्याकडे ती जूनमध्ये माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खाली येते. तेव्हा आतून हात फिरवा. अस्तर बोटाला चिकटतंय, आंबूस वास येतोय, पांढरे पापुद्रे सुटताहेत असं असेल, तर कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने कुजलेला आहे. तो पुन्हा लावता येत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पापुद्रे ब्रशने काढून टाका, सावलीत खडखडीत वाळवा, आणि आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरा. असली सॅक एका सहलीला सहज पुरते. चेनच्या धातूच्या सरकत्या बकलावर पांढरी भुकटी दिसली तर ती खाऱ्या वाऱ्याची करणी. जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात घासा आणि वाळल्यावर दातऱ्यांवर मेणबत्ती फिरवा. तेल मात्र लावू नका, त्यावर वाळू बसते आणि पहिल्याच दिवशी चेन अडकते.

बुटांचं प्रकरण जास्त फसवं आहे. ट्रेकिंगच्या बुटांचा सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये फेसासारखा थर असतो. बहुतेक बुटांत तोही पॉलियुरेथेनचाच, आणि हवेतल्या बाष्पाने हळूहळू सडतो. बूट न वापरता खोक्यात ठेवले तरी सडतो. उलट कपाटात पडून राहिलेले बूट आधी जातात. वरून बूट नवे कोरे दिसतात. अंगठ्याच्या नखाने तो थर कडेने दाबा. खड्डा उठून तसाच राहिला, बारीक भेगा पडल्या किंवा खडूसारखे कण सुटले, तर बूट गेला असं समजा. शंका असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी ते घालून सलग दोन दिवस डांबरी रस्त्यावर आणि कातळावर चाला. सोल उघडायचा असेल तर इथेच उघडू दे. इथे मोची आहे. धोलावीऱ्याच्या दगडांत तो सापडणार नाही. वाटेत उघडलाच तर चिकट कापडी पट्टी बुटाभोवती तीन वेढे आवळून दोन दिवस काढता येतात. ती पट्टी पाण्याच्या बाटलीलाच गुंडाळून न्यावी, म्हणजे वेगळी जागा लागत नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे. चाळीस-पंचेचाळीस लिटरची सॅक, आणि पाण्यासकट आठ किलोच्या आत. कोकणातला माणूस कपडे जास्त घेतो, कारण इथे धुतलेला शर्ट दोन दिवस दोरीवर ओला राहतो. तिकडे सुती शर्ट दुपारी तासा-दीड तासात वाळतो. तीन जोड पुरे. वाचलेली जागा गरम कपड्याला द्या. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेर-बिकानेरला रात्री पारा सात-आठ अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो. आपल्याकडे सतरा-अठराला शेकोटी पेटते. घरात स्वेटर नसेल तर इथून घेऊ नका, बिकानेर ही लोकरीची मोठी बाजारपेठ आहे. सॅक भरताना जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर ठेवा. तळाशी ठेवल्या की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालू लागतो. कमरेचा पट्टा पोटावर बांधू नका. तो कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे, तरच भार खांद्यावरून उतरतो.

खोबरेल तेलाबद्दल लिहिलंच पाहिजे. ते साधारण चोवीस अंशांखाली थिजतं. इथे आपल्याला त्याची आठवण वर्षातून चार सकाळी होते. तिकडे हिवाळ्यात बाटली दिवसचे दिवस घट्ट, आणि निमुळत्या तोंडातून काडीनेही काही निघत नाही. तेल रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढता येईल. त्या हवेत ओठ, टाचा आणि नाकाची आतली त्वचा तिसऱ्या दिवशी फुटते. नाकातून रक्ताचा थेंब आला तरी घाबरू नका, कोरडेपणाने येतो. रात्री नाकपुडीच्या कडेला पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की थांबतो. थांबलाच नाही तर मात्र डॉक्टर गाठा.

पाण्याच्या बाबतीत आपली सवयच आपल्याला फसवते. इथे घाम आला की शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून कळतं. तिकडे घाम सुटल्यासरशी उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो आणि माणसाला वाटतं की घाम आलाच नाही. संध्याकाळी शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की समजा, दिवसभर बराच घाम गेला. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं. उन्हात चालायच्या दिवशी तीन ते चार लिटर पाणी लागतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ जायला हवं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप लक्षात ठेवा, चमचा चहाचा. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली नेण्याचा मोह होतो, पण ती सॅकमध्ये गळली तर डाग धुऊनही जात नाही. मूठभर आमसुलं डबीत घ्या. चार-पाच रात्री बाटलीत टाकली की सकाळी तोंडाला चव येते, मीठ-साखर त्यातच घालता येतं.

धोलावीऱ्याला आमच्या मते दोन दिवस द्यावेत. लेखात अर्धाच दिवस होता. कच्छच्या मोठ्या रणातल्या खडीर बेटावर हे हडप्पाकालीन नगर आहे. १९६७-६८ मध्ये जगत्पती जोशींनी ते उजेडात आणलं, १९८९-९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी उत्खनन केलं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे सापडलेल्या, सिंधू लिपीतल्या दहा चिन्हांच्या फलकाबद्दल सगळे बोलतात. आम्ही म्हणू, टाक्या बघा. मनसर आणि मनहर हे दोन ओहोळ, तेही फक्त पावसात वाहणारे. ते अडवून गावाच्या कडेने एकापुढे एक दगडी तलाव भरून घेतले होते, काही तर कातळ खोदून. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस घेऊन एप्रिलात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वाड्यांतल्या सरपंचांची एक सहल इथे न्यायला हरकत नाही! सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळी उघडताच आत शिरा, अकराला बाहेर या, आणि उरलेलं चारनंतर. मुक्कामाच्या जागा मोजक्या, त्या आधी ठरवा. नेटवर्क जातं, तेव्हा पैसे रोख हवेत. खावड्याहून रण ओलांडून जाणारा नवा रस्ता झाल्यापासून भुजहून रापरचा वळसा वाचतो, पण बसगाड्या थोड्या. चौघांनी मिळून जीप करणं परवडतं. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. दिवाळी लवकर असेल तर रणात अजून पाणीच असतं, मिठाचा थर धरायला डिसेंबर उजाडतो.

लोथलही हडप्पाकालीनच, पण तिथे समुद्राकाठच्या माणसाला जास्त कळेल. सुमारे २१५ मीटर लांबीचं, भाजक्या विटांनी बांधलेलं ते कुंड गोदी होतं की साठवणीचं तळं, यावर विद्वानांचा वाद आहे. भरतीचं पाणी आत घ्यायची वाट आणि जादा पाणी सोडायचा सांडवा कुठे दाखवतात ते पाहा आणि स्वतःच ठरवा. पुरातत्त्व खात्याची अशी संग्रहालयं बहुधा शुक्रवारी बंद असतात. आपल्या लेखात लोथल नेमकं शुक्रवारी टाकलं होतं.

जैसलमेरला किल्ल्याच्या आत राहू नका. किल्ला ११५६ सालचा, आत अजून वस्ती आहे, आणि सांडपाणी मुरून पायथ्याची माती ढासळते आहे. बाहेर राहून आत दिवसभर फिरा. खोली फारच स्वस्त सांगितली तर आधी विचारा, उंटाची सफर त्यांच्याचकडून घ्यावी लागेल का.

शहरांबद्दल थोडकंच. अहमदाबादच्या 'पोळ', म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीबोळांच्या वस्त्या, पायी पाहायच्या. महापालिकेचा सकाळचा वारसा-फेरफटका काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो, तेवढा घ्या. जयपूरला जंतरमंतर ढगाळ दिवशी व्यर्थ, सावलीच नाही तर वेळ कशी वाचणार. गर्दीत सॅक पोटावर घ्या, विशेषतः परतताना मुंबईच्या लोकलमध्ये.

घरी आल्यावर सॅक आणि बूट तसेच कोपऱ्यात टाकू नका. रणातलं मीठ शिवणींत आणि नाड्यांच्या कड्यांत बसलेलं असतं. तिकडे ते कोरडं असतं म्हणून गप्प बसतं, इथे आलं की हवेतलं पाणी ओढून पाझरतं आणि महिन्याभरात कड्या गंजतात. गोड्या पाण्यातून दोनदा काढा, पडवीत उलटी टांगा, आणि जूनमध्ये माळ्यावर टाकायच्या आधी सगळ्या चेनी उघड्या ठेवा.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत कोकण रेल्वेच्या गाड्यांचे वार छापलेत तर आभारी राहू.

आपले,
काही भटके वाचक, रत्नागिरी