रोपांआधी नळजोड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रहिवाशांनी एकत्र येऊन वस्तीतली ओसाड जागा फुलवली, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि दर वेळी मनापासून आनंद होतो. बातमीसोबतचे छायाचित्र मात्र बहुतेकदा रोपे लावण्याच्या दिवसाचे असते. त्या दिवशी माणसे भरपूर असतात, कुदळ-फावडीही असतात. खरे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. ते करणाऱ्यांना काय हवे असते, याबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी पाणी. नव्या झाडाची मुळे खोल गेलेली नसतात, त्यामुळे पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालावेच लागते. जागेवर नळ नसला की घरून बादल्या न्याव्या लागतात. सुरुवातीला दहा जण येतात, मग चार, शेवटी एकच. तो आजारी पडला की वाफे वाळतात आणि बघणारे म्हणतात, ‘हौस फिटली यांची.’ हे ऐकून फार वाईट वाटते. भर उन्हात बादल्या वाहणाऱ्याची हौस फिटलेली नसते, त्याचे हात दुखत असतात. आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले तर ओल बरीच टिकते, पण त्यासाठी मुळात ओल हवी.

दुसरी अडचण मातीची. पडीक जागेत कुदळ मारली की वीतभर खाली विटांचे तुकडे, काचा, घट्ट झालेले सिमेंट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे थरच्या थर निघतात. जुनी इमारत पाडलेल्या किंवा वर्दळीच्या रस्त्यालगतच्या जागेत जुन्या रंगातले, पूर्वीच्या पेट्रोलच्या धुरातले शिसेही मातीत उरलेले असू शकते. तिथे भाजीपाला लावायचा तर आधी माती तपासून घ्यावी, नाहीतर बाहेरची चांगली माती आणून उंच वाफे करावेत. राडारोडा उचलायला गाडी आणि माती तपासायची सोय एवढे प्रशासनाने केले, तरी गटाचा निम्मा शीण वाचतो.

हे सगळे शोभेसाठी कशाला, असे विचारणाऱ्यांना अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचे उदाहरण द्यावेसे वाटते. तिथे ५४१ मोकळ्या भूखंडांवर एक प्रयोग झाला. काही भूखंडांवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, लाकडी बुटके कुंपण घातले आणि पुढे नियमित देखभाल ठेवली. काहींवर फक्त साफसफाई केली आणि उरलेले तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटते असे सांगण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. नुसती साफसफाई झाली तिथे असा ठळक फरक दिसला नाही. झाडू मारून गेलेली जागा आणि रोज कुणाचा तरी हात लागणारी जागा यांतला फरक रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतो. संध्याकाळी नळी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाशी येणारे-जाणारे दोन शब्द बोलतातच. हे कुठले झाड, याला फूल कधी येते, एवढ्यावर वर्षानुवर्षे शेजारी असलेल्यांची पहिली ओळख होते.

आता जागेच्या परवानगीबद्दल. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी कचऱ्याने भरलेल्या एका भूखंडावर बाग फुलवली. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने रीतसर दिली. ती बाग आजही आहे. त्याच शहराने १९९९ मध्ये मात्र अशा शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या होत्या. देणगीदारांच्या मदतीने संस्थांनी त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. प्रत्येक वस्तीच्या मदतीला असे कुणी धावून येत नाही. जागा उद्या काढून घेतली जाणार असेल तर दहा वर्षांनी सावली देणारे झाड कोण लावेल? मग हंगामी फुलझाडांवरच भागवले जाते.

स्थानिक प्रशासनाला विनंती आहे की बागकाम गटांना रोपे वाटण्याआधी तीन गोष्टी द्याव्यात: जागेवर नळजोड, किमान पाच वर्षांचा लेखी करार आणि अडचण सांगायला एक ठरलेला अधिकारी. आणि आपल्या वार्ताहरांनी, ज्या बागांच्या बातम्या यापूर्वी छापल्या आहेत, तिथे ऐन उन्हाळ्यात पुन्हा एकदा जाऊन यावे, ही आपल्याला विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक