आधी पट्टे मारा, मग बीप वाजवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या बस-ट्रकमध्ये गाडी लेन सोडू लागताच चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये काढला. पहाटे चालकाला डुलकी लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचल्या की हेतूबद्दल शंका उरत नाही. युरोपात नव्या अवजड वाहनांना ती 2015 पासूनच बंधनकारक आहे.

पण ही यंत्रणा बघते काय? समोरच्या काचेला आतून बसवलेला छोटा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे शोधतो. इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर गेले की बीप वाजते किंवा स्टिअरिंग थरथरते. पट्टाच नसेल तर कॅमेरा गप्प. आपल्याकडे पावसाळ्यानंतर खड्डे बुजवताना डांबराचे ठिगळ थेट पट्ट्यावर पडते आणि पट्टा पुन्हा मारायला कोणी येत नाही. रुंदीकरणाच्या कामात तर वाहतूक एका बाजूला वळवलेली असते आणि जुना पट्टा सरळ बॅरिकेडकडे जात असतो! पट्ट्याच्या रंगात हेडलाइटचा उजेड परतवणारे बारीक काचमणी असतात. ते झिजले की पावसाळी रात्री माणसालाही काही दिसत नाही, कॅमेऱ्याला कुठून दिसणार?

चालकांचीही गंमतच आहे. माझ्या भाच्याच्या नव्या कारमध्ये ही सोय होती. त्याने ती बंद करून टाकली. म्हणाला, ‘मामा, सारखी कटकट करते.’ करणारच. इंडिकेटर न देता लेन बदलणाऱ्याला ती दर वेळी टोकणार. उलट एक्स्प्रेस-वेवर उजवी लेन अडवून रमतगमत घाट चढणाऱ्या ट्रकला ती चकार शब्द बोलणार नाही, कारण तो पट्ट्यांच्या मधोमध असतो. तिथे पावतीच फाडावी लागेल.

शिवाय नियम नव्या वाहनांपुरता. जुने ट्रक अजून कित्येक वर्षे धावणार. त्यांच्यासाठी महामार्गाच्या कडेला चाक गेले की खडखडणारे उंचवट्याचे पट्टे मारावेत. झोपेला आलेला चालक त्याने जागा होतो, गाडी कितीही जुनी असो. आणि दर पावसाळ्यानंतर पट्ट्यांची चकाकी रात्री यंत्राने मोजून, ती पुरेशी असल्याशिवाय ठेकेदाराचे देखभालीचे बिल काढू नये.

– एक वाचक, सातारा