बाळूस पत्र

चि. बाळूस, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, दम लागत नाही, दुखत नाही, मग ऑपरेशनची घाई कशाला?" मी गप्प बसलो. हेच वाक्य मी 2 वर्षं तुझ्या आईला ऐकवलं होतं. तिला दम दिसत होता, मला नाही.

ओट्यावरचा आपला खेळ आठवतो? अंगठा न् करंगळी दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती वेढायची, नखांवर नखं चढली की जिंकलं. आपण दोघंच जिंकायचो, ताई चिडायची. पन्नाशीत हृदयाच्या डॉक्टरांनी मला तेच करायला लावलं. मार्फानची खूण! म्हणजे शरीराला धरून ठेवणारे तंतू जन्मतःच कमकुवत असण्याचा आजार. आपली उंची, लांब बोटं, सगळं त्या एका एफबीएन1 जनुकाचं. मुलांत उतरायची शक्यता निम्मी. ताई सुटली, तू सापडलास.

माझी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, मुळाशी फुगली, झडप ताणली गेली, रक्त उलटं गळायला लागलं. मी जिन्यात थांबायचो आणि वयाला बोल लावायचो. तोवर डावा कप्पा ताणून मोठा झाला, पंपिंग 35 टक्क्यांवर आलं. आदल्या रात्री सर्जन म्हणाले, "शिवायचं आम्ही बघू. हार्ट-लंग मशीनवरून काढल्यावर हे हृदय किती जोर धरतं, तीच काळजी." धरला जोर, पण 8 दिवस आयसीयूत, सलाइनमधून औषधांचा टेकू घेऊन. माझं बेंटॉल झालं, म्हणजे कृत्रिम झडपेसकट डेक्रॉन कापडाची नळी. रात्री पंखा बंद झाला की छातीतली टिकटिक तूही ऐकली आहेस. शिवाय रक्त पातळ ठेवायची वॉरफरीनची गोळी, ते किती पातळ आहे हे बघायची आयएनआर तपासणी, आणि गोळीचा असर बदलू नये म्हणून मेथीची भाजी रोज सारखीच, मापून.

तुझी महारोहिणी मुळाशी 4.8 सेंटिमीटर आहे, पंपिंग 60 टक्के, म्हणजे चांगलं, झडप गळत नाही. मार्फानमध्ये साधारण 5 ला ऑपरेशन सांगतात, ती फाटायचा धोका जास्त वाटला तर आधीही. आता तुझीच झडप राखून नुसती नळी घालता येईल, टोरांटोचे सर्जन टायरोन डेव्हिड यांच्या पद्धतीनं. पुढं कधी ती झडप गळू शकते, हे लपवत नाही. पण माझ्यापुढं ही निवडच नव्हती.

आणि व्हॉलीबॉल बंद. फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, 1984 ची ऑलिंपिक रौप्यविजेती. 1986 मध्ये जपानात सामना चालू असताना बाकावरच कोसळली. 31 वर्षांची. मार्फान होतं, हे शवविच्छेदनात कळलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं येतोय. मागचे दोन्ही इकोचे रिपोर्ट शोधून ठेव. वर्षात किती वाढलं, ते एकावरून कळत नाही.

तुझा,
बाबा