उस्ताद, त्या रात्रीच्या पॅटीससाठी

आदरणीय उस्ताद,

सप्रेम सलाम.

नाताळच्या आठवड्यात आमच्या घरी गाणी म्हणायला आलेली मंडळी पॅटीस खाऊन निघाली, तेव्हा जो तो एकच विचारत होता, "कुणी केले?" जन्मभर बेकरीच्या भट्टीवर राबलेले तुम्ही, आमच्या ओटीजीजवळच्या (घरातल्या विजेच्या ओव्हनजवळच्या) स्टुलावरून उठलात आणि सरळ माझ्याकडे हात केलात. घरभर माणसं असताना तुमच्याशी वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. पण ते श्रेय माझ्या एकटीच्या नावावर राहू देणं मला पटत नाही. म्हणून हे पत्र पाकिटात घालून तुमच्या दाराखालून न सरकवता सगळ्यांसमोर लिहितेय.

वाचणाऱ्या सगळ्यांना आमच्याकडचा नाताळ माहीत असेलच असं नाही. पुण्या-नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा आणि जोडीला केक. पंचवीस तारखेच्या आधीच्या रात्री चर्चमधली मंडळी ढोलकी, पेटी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. प्रत्येक घरी दोन-तीन गाणी, प्रार्थना आणि हातावर काहीतरी खायला. शेवटच्या घरापर्यंत येताना केक आणि करंज्या पाहूनसुद्धा नको होतं. यंदा शेवटचं घर आमचं होतं. पन्नासेक माणसं, रात्रीचे अकरा वाजून गेलेले, बाहेर कडाक्याची थंडी. तिखट हवं, गरम हवं आणि एका हातात मावेल असं हवं, कारण दुसऱ्या हातात गाण्यांची वही असते. म्हणजे पॅटीसच. पण त्या वेळी बेकऱ्यांची शटर खाली आलेली असतात, आणि संध्याकाळीच आणून ठेवलेले पॅटीस मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की वरचे पापुद्रे चामट होतात.

तुम्हाला जिन्यात गाठून मी विचारलं होतं ते एवढंच, की घरी जमेल का. तुम्ही "जमेल" म्हणाला नाहीत, "नाही" पण म्हणाला नाहीत. "ओटा कसला आहे?" असं विचारलंत. मी कडप्पा म्हटल्यावर वर आलात, ओट्यावर पालथा हात ठेवून पाहिलात, फ्रीजर उघडून किती जागा आहे ते पाहिलंत आणि म्हणालात, "पहाटे पाचला येतो. लोणी आणून ठेवा."

पुण्यात बेकरीचं नाव सगळ्यांना पाठ असतं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी १९५५ सालापासून आहे, श्रूजबेरी बिस्किटं तिथलीच हे परगावचे पाहुणेसुद्धा सांगतात. आपटे रोडवरच्या संतोष बेकरीत पॅटीस कधी गरम निघतात हे तिथल्या पोरांना घड्याळ न बघता कळतं. दुकानाचं नाव माहीत, काउंटरवरचा माणूस ओळखीचा. पण मागे, भट्टीच्या तोंडाशी कोण उभं आहे, हे गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. तुम्ही कॅम्पातल्या बेकरीत उभं आयुष्य काढलंत. नाताळ आला की केक, खारी, पॅटीस सगळ्याची मागणी एकदम वाढते, म्हणजे आमचा सण तो तुमचा सगळ्यात जास्त राबण्याचा आठवडा. माझ्या लहानपणी आमच्या घरी त्या बेकरीतूनच खारी यायची. ती तुमच्या हातची होती हे मला यंदा कळलं. त्या खारीचेही आभार याच पत्रात मानते.

आता त्या पहाटेबद्दल, कारण खरं शिक्षण तिथे झालं.

तुम्ही आधी मलाच विचारलंत, "चिरोटे करता ना तुम्ही लोक?" करतो. पोळ्या लाटायच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा एकेका पोळीवर फासायचा, पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, तिचे तुकडे कापून हलक्या हातानं लाटायचे आणि तळायचे, की पदर सुटतात. मी हे सांगत होते आणि तुम्ही मान डोलावत होतात. मग म्हणालात, "झालं तर. तुम्हाला अर्धं येतं. इथे साट्याच्या जागी लोण्याची लादी, आणि तेलाच्या जागी पाण्याची वाफ." माझ्या सासूबाईंच्या हातचं जे मला येत होतं, तिथूनच तुम्ही पुढे नेलंत. एवढी वर्षं कारागीर घडवलेल्या माणसाला समोरच्याला काय येतं हे आधी पाहावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तुमचं प्रमाण मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय, आणि तुम्ही हो म्हणालात म्हणून इथे देतेय. अर्धा किलो मैदा, पाव लिटर थंडगार पाणी, चमचाभर लिंबाचा रस, ५० ग्रॅम लोणी पिठात आणि ४०० ग्रॅम लोणी लादीसाठी. लोणी नेहमीचं, खारवलेलं, पाकिटातलं. म्हणून मीठ निम्मं, ५ ग्रॅम. लिंबू कशाला, तर त्यानं पीठ लाटताना आखडत नाही. पीठ जास्त मळायचं नाही, गोळा झाला की झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. लोणी दोन बटर पेपरमध्ये ठेवून लाटण्यानं ठोकून चौकोनी लादी करायची.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत, ज्यावाचून बाकी सगळं फुकट आहे: पीठ आणि लोणी सारखंच मऊ पाहिजे. लोणी जास्त कडक असेल तर लाटताना त्याचे तुकडे होतात आणि ते पीठ फाडतात. जास्त मऊ असेल तर पिठात जिरतं आणि पदर उरतच नाहीत. लोणी साधारण १५ अंशांच्या आसपास वाकतं पण मोडत नाही, आणि ३२ ते ३५ अंशांना वितळतं. तुम्ही आकडे सांगितले नव्हते, ते मी नंतर वाचले. तुम्ही लादीचा कोपरा उचलून वाकवून दाखवलात आणि माझं बोट त्यावर दाबायला लावलंत. डिसेंबरात पुण्याची पहाट दहा-बारा अंशांची असते आणि दुपार तिशीकडे जाते. पाच वाजता का, ते मला तेव्हा कळलं. "भट्टीवर आम्ही रात्रीचे उभे राहायचो ते काय हौसेनं?" असं तुम्ही म्हणालात.

पिठाच्या पोळीत लादी बंद करायची, लांबट लाटायची, तीन पदरी घडी घालायची, फ्रीजमध्ये अर्धा तास. पुन्हा लाटायची, या वेळी आडवी फिरवून. दर वेळी लोण्याचे थर तिप्पट होतात: ३, ९, २७, ८१, २४३. पाच वेळा घडी घातली की घरच्या पॅटीसला पुरे, असं तुमचं मत. जुन्या फ्रेंच पद्धतीत सहा वेळा घालून ७२९ थर करतात. तुम्ही त्यावर म्हणालात की जास्त घड्या घातल्या म्हणजे जास्त फुगतं असं नाही, थर इतके बारीक होतात की लोणी आणि पीठ एकमेकांत मिसळायला लागतं. तीन घड्या पहिल्या पहाटे, दोन दुसऱ्या पहाटे. मधल्या अर्ध्या तासांमध्ये तुम्ही चहा घेत होतात आणि मला मटार सोलायला लावत होतात.

माझ्या आत्याच्या मुलीनं त्या दिवशी फोनवर विचारलं, एवढा खटाटोप कशाला, तयार शीट मिळतात की फ्रोजन. मिळतात, आणि ज्याला वेळ नाही त्यानं त्या जरूर वापराव्यात, सारण चांगलं असेल तर पॅटीस चांगलेच होतात. पण मार्जरीनबद्दल (तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थाबद्दल) तुम्ही जे सांगितलंत ते फार थोडे कारागीर इतक्या उघडपणे सांगतील. बेकरीत पदरांसाठी खास मार्जरीन वापरतात, कारण ते लोण्यापेक्षा स्वस्त असतं आणि भट्टीच्या गरमीतही लवकर पाघळत नाही, हात चालवायला सोपं. पण जे शरीराच्या ३७ अंशांनाही पुरतं वितळत नाही, ते टाळूला चिकटून राहतं. "धंद्यात ते परवडत होतं. पाहुण्यांना लोणी घाला," एवढंच तुम्ही म्हणालात. (२०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पती-मार्जरीनमधल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा आहे. हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं.")

सारणाचं तुम्ही फारसं शिकवलं नाहीत, "ते तुमच्या बायकांना जास्त कळतं" म्हणालात. पण एक गोष्ट बजावून सांगितलीत, की सारण कोरडं आणि थंडगार हवं. गरम सारण भरलं की लोणी आतूनच वितळतं आणि तळ ओला राहतो. म्हणून बटाटा-मटाराचं सारण आदल्या रात्री परतून परातीत पसरून ठेवलं होतं. खिमा तुम्ही स्वतः शिवाजी मार्केटमधून आणलात, पैसे घ्यायला नकार दिलात, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत मला झारा खाली ठेवू दिला नाहीत.

कापताना सुरी घासायची नाही, वरून सरळ दाबायची, आणि सुरी धारदार हवी, नाहीतर कडा चेपल्या जाऊन थर एकमेकांना चिकटतात. अंडं फक्त वरून लावायचं, कापलेल्या कडेवर ओघळू द्यायचं नाही, कारण तिथे ते गोंदाचं काम करतं आणि तेवढी बाजू वर येत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू अंडं खात नाहीत, म्हणून त्यांच्या पॅटीसना दूध लावून वर चिमूटभर ओवा टाकलात. ओव्याचे ते ओळखायला सोपे. हे मला सुचलं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुमचं वेळेचं गणित. कच्चे पॅटीस भरून, कापून, बटर पेपरवर मांडून दोन दिवस आधीच फ्रीजरमध्ये गेले. त्या रात्री मंडळी चार घरं अलीकडे असल्याचा फोन आला आणि तुम्ही ओटीजीच्या दोन्ही कॉइल चालू करून तो २२० अंशांवर तापत ठेवलात. पॅटीस फ्रीजरमधून थेट आत. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. लोण्यातलं आणि पिठातलं पाणी वाफ होऊन थर उचलत असतं, तेव्हा दार उघडलं की आतली उष्णता जाते आणि ते उचललेले थर खाली बसतात. नंतर १८० वर आणून पंधरा-वीस मिनिटं, आतून कोरडे होईपर्यंत. "वरून लाल दिसला म्हणजे झाला नाही. उचलून बघा, हलका लागला पाहिजे," असं म्हणत तुम्ही प्रत्येक ट्रेमधला एक उचलून पाहत होतात. आमच्या ओटीजीत एका वेळी बाराच मावतात. म्हणून पाहुणे येण्याआधी दोन ट्रे, गाणी चालू असताना दोन, आणि उरलेले चहाबरोबर. बाहेर ढोलकी वाजत होती आणि तुम्ही आत स्वयंपाकघरात घड्याळाकडे नजर लावून बसला होतात. मी बाहेर यायचा आग्रह केला, तर "हे झाल्यावर" म्हणालात. शेवटचा ट्रे निघाल्यावर आलात, मागे दाराशी उभे राहिलात, आणि शेवटची दोन गाणी तेवढी तुम्हाला मिळाली.

याचीच मला थोडी रुखरुख आहे. पुढच्या वर्षी ट्रेची वेळ माझा मुलगा सांभाळणार आहे. त्यानं सगळं पाहिलंय, तुमचं हलका-जड ओळखणं त्याला जमायला लागलंय. तुम्ही पहिल्या गाण्यापासून बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर.

त्या रात्री एका आजींनी पॅटीस हातात घेऊन आधी नुसता पाहिला, मग रुमालात पापुद्रे झेलत सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "पूर्वी कॅम्पात मिळायचा तसा आहे." मी त्यांना सांगितलं, तसा नाही, तोच आहे. मग त्यांनी तुमच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, कुठल्या बेकरीत होतात, कधीपासून, तिथली लाकडाची भट्टी अजून आहे का. तुम्ही इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी जिन्यात तुम्ही नमस्कार-सलामापलीकडे बोलत नाही.

उस्ताद, तुम्ही मला तुमच्या कामाची कारणंही सांगितलीत. हात धरून शिकवणारे असतात, पण "का" विचारल्यावर कंटाळत नाहीत असे थोडे. जी विद्या तुम्ही रात्री जागून मिळवलीत, जिच्यावर तुमचं घर चाललं, ती तुम्ही माझ्या ओट्यावर काही हातचं न राखता ठेवलीत. पैशाचा विषय काढला तर रागावलात. म्हणून तो पुन्हा काढत नाही. मनापासून आभार मानते, माझ्या घरच्या सगळ्यांच्या वतीनं आणि त्या रात्री गाऊन दमलेल्या सगळ्यांच्या वतीनं.

आणि एक. तुमच्या सूनबाई काल भेटल्या. तुमच्या नातीला खारी करायला शिकायचंय, पण आजोबांना विचारायला लाजते म्हणे. ती रविवारी पहाटे पाचला तुमच्याबरोबर येऊ दे. अजून थंडी आहे, तोवर करून घेऊ. मैदा, लोणी, जिरं सगळं माझ्याकडे आहे. तुमचं ते लांब लाटणं तेवढं घेऊन या.

तुमची शिष्या,
तिसऱ्या मजल्यावरून